पॅकेजेस तयार बायनरी घ्यावीत की स्रोतातून बिल्ड करावीत?

कळफलक

नमस्कार. एका महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था माझ्याकडे आहे. प्रयोगशाळेत विंडोजची यंत्रे आहेत, एक लिनक्स सर्व्हर आहे, प्रकल्पांसाठी काही रास्पबेरी पाय (छोटे संगणक) आहेत, आणि बरेच विद्यार्थी अ‍ॅपलच्या चिपवर चालणारे स्वतःचे लॅपटॉप आणतात. मुख्य काम पायथॉनमध्ये चालते, थोडे जावास्क्रिप्टमध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारावर लागोपाठ जे हल्ले झाले, त्यानंतर आमच्या विभागाच्या समितीपुढे एक प्रस्ताव आला आहे: कोणतेही पॅकेज तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेल्या) स्वरूपात घेऊ नये, सर्व काही स्रोतातून बिल्ड करावे, कारण स्रोत वाचता येतो आणि बायनरी वाचता येत नाही.

मला हा युक्तिवाद उलटा वाटतो, परंतु समितीपुढे ठामपणे मांडण्याइतकी माझी तयारी नाही. म्हणून दोन प्रश्न विचारतो. इन्स्टॉल करण्याच्या दृष्टीने स्रोत खरोखर अधिक सुरक्षित आहे का? आणि याच्या उलट, फक्त तयार फाइलीच घ्यायच्या असे ठरवले, तर ज्या यंत्रांसाठी त्या उपलब्धच नसतात त्यांचे काय करावे?

नीरक्षीर

तुमची शंका रास्त आहे. पायथॉनची व्हील फाइल, म्हणजे तयार पॅकेज, ही मुळात एक झिप फाइल असते. ती इन्स्टॉल करताना पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) ती उलगडतो, फाइली जागच्या जागी ठेवतो, आणि पॅकेजच्या लेखकाने लिहिलेली एकही ओळ त्या क्षणी चालत नाही. स्रोताचा गठ्ठा, म्हणजे एसडिस्ट, घेतला की चित्र बदलते. त्यातील सेटअप डॉट पाय ही फाइल म्हणजे एक पूर्ण प्रोग्रॅम असतो आणि तो इन्स्टॉल करणाऱ्याच्या अधिकारांनिशी चालतो. एवढेच नव्हे, तर "आधी नुसते डाउनलोड करून पाहू" अशा विचाराने पिपला डाउनलोड करायला सांगितले, तरीही मेटाडेटा काढण्यासाठी तो एसडिस्टमधील कोड चालवतो. ज्याला स्रोत आधी वाचायचा आहे, त्याने तो पिपच्या हातून न आणता पायपीआय या पायथॉन पॅकेजेसच्या भांडाराच्या पानावरून फाइल म्हणून उतरवून घ्यावा.

तेव्हा समितीचा प्रस्ताव मान्य झाला, तर इन्स्टॉल होताना चालणारा परका कोड कमी होण्याऐवजी वाढेल. याच्या नेमका उलट परिणाम साधणारा "ओन्ली बायनरी" (फक्त व्हील घ्यावे, एसडिस्ट नाही) हा पर्याय पिपमध्ये आहे आणि तो सर्व पॅकेजेसना एकदम लावता येतो.

तिरकस

समितीचे कोणते सदस्य नम्पाय या गणिती पॅकेजचा स्रोत वाचणार आहेत, याची नोंद इतिवृत्तात अवश्य घ्यावी. वाचून संपेपर्यंत पुढची आवृत्ती आलेली असेल, तेव्हा पुढील बैठकीची तारीखही आताच ठरवून ठेवलेली बरी.

डोंगरवाट

नीरक्षीर यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला थोडा घाईचा वाटतो. पॅकेज कोणी नुसते ठेवून देण्यासाठी इन्स्टॉल करत नाही. पुढच्याच मिनिटाला ते इम्पोर्ट केले जाते, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायला घेतले जाते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस पायटॉर्च या मशीन लर्निंग पॅकेजच्या नाइटली (रोज बनणाऱ्या चाचणी) आवृत्तीबाबत जे घडले, ते पाहा. टॉर्चट्रायटन हे तिचे अवलंबित पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवर (पॅकेजेसच्या भांडारावर) होते, आणि कोणीतरी त्याच नावाचे पॅकेज पायपीआयवर चढवले. पिपने पायपीआयवरचे उचलले. त्यातील बायनरी इन्स्टॉल होताना गप्प होती. त्यातील ट्रायटन इम्पोर्ट झाल्यावर मात्र ती यंत्राची माहिती आणि वापरकर्त्याच्या एसएसएच किल्ल्यांसारख्या फाइली बाहेर पाठवत असे. त्या वेळी "ओन्ली बायनरी" लावलेले असते, तरी काहीही फरक पडला नसता.

आणखी एक गोष्ट आहे. व्हीलमधून पीटीएच विस्ताराची फाइल साइट-पॅकेजेस या पायथॉनच्या फोल्डरमध्ये ठेवता येते, आणि तिच्यातील इम्पोर्टने सुरू होणाऱ्या ओळी पायथॉन सुरू होताच चालतात. म्हणजे ते पॅकेज इम्पोर्ट करण्याचीही गरज उरत नाही.

नीरक्षीर

डोंगरवाट, दोन्ही मुद्दे मान्य आहेत. तरीही कोड केव्हा चालतो याइतकाच तो कोणाच्या नावाने चालतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि धागाकर्त्यांच्या प्रयोगशाळेत तर तोच अधिक महत्त्वाचा ठरावा. तेथे इन्स्टॉल करणारे खाते अ‍ॅडमिनचे असणार आणि इम्पोर्ट करणारा विद्यार्थी असणार. सेटअप डॉट पाय अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालला, तर तो सगळे यंत्र ताब्यात घेऊ शकतो. विद्यार्थ्याच्या खात्यात चाललेला कोड त्या विद्यार्थ्याच्या फाइलींपुरता मर्यादित राहतो. सप्टेंबर २०२५ मधील शाय-हुलूद या स्वतःहून पसरणाऱ्या किड्याचा प्रसार पोस्ट-इन्स्टॉल (इन्स्टॉल होताच आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमधूनच झाला. बिल्ड सर्व्हरवर आणि प्रोग्रॅमरच्या यंत्रावर पॅकेजेस प्रसिद्ध करण्याचे टोकन (परवानगीचे गुप्त संकेत) असतात. ती स्क्रिप्ट ते टोकन शोधून काढत असे आणि त्यांच्याच आधारे पुढची पॅकेजेस दूषित करत असे.

गोमंतकवासी

"स्रोत वाचता येतो" या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे: आपण वाचतो तो स्रोत आणि आपण बिल्ड करतो तो स्रोत एकच आहे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजला फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे नवे अवलंबित्व जोडले गेले. त्याच्या मिनिफाय केलेल्या (आकसवून वाचायला अवघड झालेल्या) फाइलीत कोपे या बिटकॉइन वॉलेटला लक्ष्य करणारा कोड होता, आणि गिटहबवर दिसणाऱ्या स्रोतात तो नव्हता. २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आलेले एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचे प्रकरण त्याहून बोलके आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (स्रोताच्या प्रकाशित गठ्ठ्यात) बिल्डची एक एम४ फाइल अशी होती की जी गिट रिपॉझिटरीत नव्हतीच, आणि तीच फाइल चाचण्यांच्या नावाखाली ठेवलेल्या बायनरी फाइलींतून मागचे दार उलगडून बिल्डमध्ये मिसळत होती. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रॅमर तिथपर्यंत पोहोचले. स्रोत वाचत बसलेल्या कोणाला ते सापडले नव्हते.

घरच्या जात्यावर दळले म्हणून गव्हातले खडे निघून जात नाहीत.

अवांतर_नको

गोमंतकवासी, दाखला उत्तम आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एक्सझेडमधील ती स्क्रिप्ट आपण एक्स८६-६४ लिनक्सवर आहोत का आणि डेबियन किंवा आरपीएम प्रकारचे पॅकेज बनवले जात आहे का, हे आधी तपासत असे. म्हणजे ज्याने टारबॉल उतरवून स्वतःच्या यंत्रावर साधेपणाने बिल्ड केला, त्याच्या बायनरीत मागचे दार शिरलेच नाही. तयार बायनरी घेणाराच सापडला असता. समितीच्या बाजूने बोलायचे तर हा मुद्दा खोडता येण्याजोगा नाही.

गोमंतकवासी

मान्य. मात्र ते हल्लेखोराच्या निवडीमुळे घडले. त्याला सर्व्हर हवे होते, आणि सर्व्हर लिनक्स वितरणांच्या (डेबियनसारख्या तयार प्रणालींच्या) पॅकेजेसवर चालतात. उद्या एखाद्याला विद्यार्थ्यांचे लॅपटॉप हवे असतील, तर तो उलट अट लिहील.

राइनकाठ

मी जर्मनीत एका लिनक्स वितरणाच्या पॅकेजिंगमध्ये हातभार लावतो. आतापर्यंतची चर्चा दूषित कोडभोवती फिरली आहे, परंतु प्रत्यक्ष कामात आमचा वेळ जातो तो साध्या, प्रामाणिक लायब्रऱ्यांमधील त्रुटी बुजवण्यात. तयार बायनरीची खरी किंमत तेथे मोजावी लागते.

पायथॉनचे एक व्हील अनेक लिनक्स वितरणांवर चालावे, यासाठी मेनीलिनक्स ही व्यवस्था २०१६ मध्ये आली. तिचे तत्त्व असे की मुद्दाम जुन्या प्रणालीवर बिल्ड करावे. मेनीलिनक्स२०१४ चा पाया सेंटओएस ७ हे वितरण आणि जीलिबसी २.१७ (सी भाषेची मूळ लायब्ररी) हा आहे. त्या पायापलीकडच्या सर्व लायब्रऱ्यांच्या प्रती व्हीलच्या आतच भराव्या लागतात. पोर्टेबिलिटी साधते ती याच मार्गाने, आणि गोम इथेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रांच्या लायब्ररीमध्ये गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा सर्व वितरणांनी सुधारित लायब्ररी तातडीने दिली. प्रशासकाने आपला सर्व्हर अद्ययावत केला आणि तो निश्चिंत झाला. परंतु व्हीलमधून आलेल्या पिलो या चित्रे हाताळणाऱ्या पॅकेजच्या पोटात लिबवेबपीची स्वतःची जुनी प्रत होती, आणि पिलो १०.०.१ इन्स्टॉल करेपर्यंत ती तशीच राहिली. वितरणाच्या अपडेटला ती प्रत दिसत नाही. स्रोतातून, प्रणालीच्या लायब्ररीशी जोडून बिल्ड केलेला पिलो मात्र वितरणाच्या अपडेटबरोबर आपोआप सुधारला असता.

म्हणून माझा आग्रह असा आहे की सर्व्हरवर शक्य तेथे वितरणाचीच पॅकेजेस वापरावीत. डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथॉनमध्ये पिपने परस्पर काही घालण्यास मुळातच नकार मिळतो. तो नकार ओलांडण्याच्या पर्यायाचे नावच "ब्रेक सिस्टम पॅकेजेस" असे ठेवले आहे, आणि ते नाव वाचूनही लोक तो वापरतात.

तिरकस

कारण इंटरनेटवरील पहिल्या उत्तरात तोच पर्याय लिहिलेला असतो.

लोखंडी_गंज

रस्ट या भाषेच्या जगातील दोन घटना येथे लागू पडतात, आणि त्या परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्डे-डिराइव्ह या अतिशय प्रचलित क्रेटसोबत (रस्टच्या पॅकेजसोबत) लिनक्ससाठी आधीच कंपाइल केलेली बायनरी येते, हे लोकांच्या लक्षात आले. उद्देश कंपाइलचा वेळ वाचवण्याचा होता. लोकांनी तीव्र विरोध केला, कारण तीच बायनरी दिलेल्या स्रोतातून पुन्हा बनवून पडताळता येत नव्हती, आणि काही वितरणांच्या नियमांत ती बसतही नव्हती. काही आठवड्यांतच ती काढून टाकावी लागली. गंमत अशी की विरोध करणारे आपण सर्वजण कार्गो या रस्टच्या साधनाच्या बिल्ड स्क्रिप्ट आणि प्रोसीजरल मॅक्रो, म्हणजे बिल्ड होताना चालणारा परका कोड, आपल्या यंत्रावर कोणत्याही कुंपणाविना रोज चालवत असतो.

दुसरी घटना फेब्रुवारी २०२१ मधील आहे. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजने ३.४ आवृत्तीपासून काही भाग रस्टमध्ये लिहिला. कारण सुरक्षेचे होते, कारण सी भाषेत मेमरीच्या चुका होण्याची शक्यता मोठी असते. ज्यांच्यासाठी व्हील उपलब्ध होते, त्यांना काही जाणवलेही नाही. परंतु अल्पाइन लिनक्स जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी वापरते आणि त्या वेळी मसलसाठी व्हीलची सोयच नव्हती. त्यामुळे अल्पाइनवरील कंटेनर स्रोतातून बिल्ड करू लागले, त्यांना रस्टचा कंपाइलर सापडला नाही, आणि जगभरातील बिल्ड एका दिवसात कोसळले. मसलसाठीचा प्रमाणित व्हील प्रकार त्यानंतर, त्याच वर्षी आला. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाची किंमत पोर्टेबिलिटीने मोजली, याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

चौकट

जावास्क्रिप्टबद्दल थोडे लिहितो. एनपीएममध्ये "इग्नोर स्क्रिप्ट्स" हा पर्याय आहे, आणि पीएनपीएम या त्याच कामाच्या दुसऱ्या साधनाने तर जानेवारी २०२५ मधील १० व्या आवृत्तीपासून अवलंबित पॅकेजेसच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या आहेत. ज्या हव्यात, त्यांची यादी आपण द्यायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएसच्या दूषित आवृत्त्या प्री-इन्स्टॉल स्क्रिप्टमधून क्रिप्टो मायनर उतरवत होत्या. असे हल्ले यामुळे थांबतात. पण ८ सप्टेंबर २०२५ चा चॉक आणि डीबग या पॅकेजेसवरील हल्ला यामुळे थांबला नसता, कारण त्यात स्क्रिप्ट नव्हतीच. दूषित कोड ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टोच्या व्यवहारांतील पत्ते बदलत होता. मेंटेनरचे खाते एका फसव्या ईमेलमुळे हल्लेखोराच्या हाती गेले होते. तो प्रकार काही तासांत उघडकीस आला, म्हणून नवी आवृत्ती काही दिवस जुनी झाल्याशिवाय घ्यायचीच नाही हा नियम अशा वेळी कामी येतो. पीएनपीएममध्ये आता तशी सोय आहे, आणि पायथॉनच्या बाजूला यूव्ही या पॅकेज साधनामध्ये अमुक तारखेनंतरचे काही घेऊ नये असे सांगता येते.

स्क्रिप्ट टाळण्यासाठी ईएसबिल्ड आणि रोलअपसारखी साधने प्रत्येक प्रणालीची बायनरी वेगळे ऐच्छिक पॅकेज म्हणून देतात. कल्पना चांगली आहे, पण एनपीएममधील एका त्रुटीमुळे मॅकवर तयार झालेल्या लॉकफाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत) कधीकधी लिनक्सचे पॅकेज नोंदलेच जात नाही. मग सर्व्हरवर रोलअप स्वतःच सांगतो की एनपीएममध्ये दोष आहे, लॉकफाइल पुसून पुन्हा इन्स्टॉल करा. सुरक्षेसाठी जपलेली लॉकफाइल पुसण्याचा सल्ला एखाद्या साधनाने द्यावा, हे मला अजूनही पचलेले नाही.

अनुस्वार

स्रोतातून बिल्ड करण्याविरुद्ध एक अगदी देशी कारण नोंदवतो. विंडोजवर वापरकर्त्याचे नाव देवनागरीत ठेवले, की त्याच्या फोल्डरचा मार्गही देवनागरी होतो. तयार बायनरी तेथे सहसा मुकाट्याने चालतात, पण सी++ बिल्ड करणारी जुनी साधने त्या मार्गाला अडखळतात आणि चूक भलत्याच फाइलीत दाखवतात. आमच्या कार्यालयात यावर शेवटी रोमन नावाचे दुसरे खाते उघडणे हाच उपाय ठरला.

कळफलक

सर्वांचे आभार. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. समजा "ओन्ली बायनरी" आणि प्रत्येक फाइलीचा हॅश (मजकुरातून निघणारा बोटाच्या ठशासारखा संकेत) तपासणे, असे दोन्ही नियम केले. मग रास्पबेरी पायसाठी काय करायचे? आणि लिनक्सवर बनवलेली हॅशची यादी विंडोजवर चालेल का?

नीरक्षीर

विंडोजचे आधी सांगतो. पिप-टूल्स या साधनाने हॅशसह यादी बनवली, तर त्या आवृत्तीच्या सर्व फाइलींचे हॅश तिच्यात येतात, त्यामुळे विंडोजचे व्हीलही त्यात बसते. अडचण वेगळीच आहे: यादी ज्या यंत्रावर बनते, तेथे लागणारी पॅकेजेसच तिच्यात येतात. क्लिक या पॅकेजला विंडोजवर कलरामा हे दुसरे पॅकेज लागते आणि लिनक्सवर लागत नाही. लिनक्सवर बनवलेल्या यादीत कलरामा नसते, आणि हॅशचा नियम लागू असल्यामुळे पिप विंडोजवर काम थांबवतो. त्याचे थांबणे योग्यच आहे. म्हणून प्रत्येक प्रणालीची वेगळी यादी ठेवावी, किंवा यूव्हीची लॉकफाइल वापरावी, कारण ती सर्व प्रणालींचा एकत्र विचार करते.

पायची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. ३२ बिटच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये पिपला पायव्हील्स हा दुसरा इंडेक्स आधीच जोडलेला असतो, आणि ते लोक पायपीआयवरील स्रोत घेऊन पायसाठी व्हील बनवून ठेवतात. ती व्हील त्यांनी बिल्ड केलेली असल्यामुळे त्यांचे हॅश पायपीआयच्या यादीत असूच शकत नाहीत. परिणामी हॅशची सक्ती केली की पिप ती बाजूला ठेवतो आणि स्रोताकडे वळतो. स्रोतालाही मनाई असेल, तर इन्स्टॉल होतच नाही.

राइनकाठ

यावरचा मार्ग वितरणांनी फार पूर्वीच शोधला आहे: बिल्ड एकदाच, एकाच ठिकाणी करावे. कोणतेही टोकन किंवा किल्ली नसलेले एक वेगळे यंत्र घ्यावे, ज्यांची व्हील मिळत नाहीत ती मोजकी पॅकेजेस तेथे स्रोतातून बिल्ड करावीत, तयार व्हील विभागाच्या स्वतःच्या इंडेक्सवर ठेवावीत आणि त्यांचे हॅश यादीत लिहावेत. बाकी सर्व यंत्रांना फक्त व्हील घेण्याची मुभा असावी. एक सावधगिरी आवश्यक आहे: बिल्डसाठी पिप जी साधने तात्पुरत्या वातावरणात उतरवतो, त्यांना तुमच्या यादीतील हॅश लागू होत नाहीत. त्यामुळे त्या यंत्रावर ती साधनेही आधीच निवडून ठेवावीत.

डोंगरवाट

आणि तो इंडेक्स "अतिरिक्त" म्हणून जोडू नये; त्यालाच एकमेव इंडेक्स करावे आणि पायपीआयवरील लागणाऱ्या फाइली त्यात आणून ठेवाव्यात. अनेक इंडेक्स असतील, तर पिप त्यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद करत नाही. टॉर्चट्रायटनचे प्रकरण नेमके तेथूनच सुरू झाले होते.

लिनक्स सर्व्हरवर बसून विंडोजची व्हील उतरवायची असतील, तर पिपमध्ये प्लॅटफॉर्म सांगण्याची सोय आहे. त्या सोयीसोबत "ओन्ली बायनरी" किंवा अवलंबित पॅकेजेस न घेण्याचा पर्याय लावण्याची सक्ती पिप स्वतःच करतो, कारण परक्या प्रणालीसाठीचा स्रोत येथे बिल्ड करून उपयोग नसतो.

सरासरी

आर या सांख्यिकीच्या भाषेच्या जगात हे काम क्रॅन हे तिच्या पॅकेजेसचे भांडार फार पूर्वीपासून करत आहे. लेखक स्रोत पाठवतो, क्रॅन तो तपासते, आणि विंडोज व मॅकच्या बायनरी लेखक नव्हे तर क्रॅन स्वतः बनवते. लेखकाच्या लॅपटॉपवर काय शिरले आहे, याची चिंता तेवढ्यापुरती तरी मिटते. लिनक्सवाल्यांना मात्र क्रॅनकडून स्रोतच मिळतो, आणि नवीन यंत्रावर टायडीव्हर्स हा पॅकेजसंच बिल्ड होईपर्यंत जेवण उरकून येता येते.

चौकट

पायपीआयवरही विश्वसनीय प्रकाशनाची सोय २०२३ पासून आहे, आणि २०२४ पासून सोबत प्रमाणपत्रेही जोडली जातात. त्यामुळे अमुक व्हील अमुक रिपॉझिटरीतून बनले हे सिद्ध होते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

अवांतर_नको

सिद्ध होते ते एवढेच. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या पायथॉन पॅकेजच्या पहिल्या दोन दूषित आवृत्त्या त्यांच्याच स्वयंचलित बिल्ड प्रक्रियेत शिरकाव करून बनवल्या गेल्या आणि रीतसर प्रकाशित झाल्या. प्रमाणपत्रांमुळे नंतरचा तपास सोपा झाला, हे खरे आहे; त्यांतील क्रिप्टो मायनर मात्र त्याआधीच लोकांच्या यंत्रांवर पोहोचला होता.

नीरक्षीर

कळफलक, तुमच्याकडील पाय कोणत्या पिढीचे आहेत, हे राहून गेले. पाय ३ किंवा त्यानंतरचे असतील, तर फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृतपणे उपलब्ध असलेली ६४ बिटची ओएस त्यांवर चालते, आणि त्या रचनेसाठी नम्पाय, पिलो, क्रिप्टोग्राफी अशा बहुतेक मोठ्या पॅकेजेसची मेनीलिनक्स व्हील थेट पायपीआयवरच मिळतात. हॅशची यादी मग सर्व्हरसारखीच चालेल.

कळफलक

बहुतेक पाय ४ आहेत. काही जुने पाय झीरो डब्ल्यू आहेत, त्यांवर विद्यार्थी सेन्सरचे प्रयोग करतात.

नीरक्षीर

झीरो डब्ल्यूचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे, त्यामुळे त्यावर हा मार्ग बंद आहे. पाय ४ वर ६४ बिट घाला. झीरोसाठी लागणारी पॅकेजेस दोन-चारच असतील. त्यांची व्हील पायव्हील्सवरून एकदा उतरवून, हॅश नोंदवून तुमच्या इंडेक्सवर ठेवा. झीरोवर बिल्ड करण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, कारण त्यात ५१२ एमबी रॅम आहे आणि रस्टचा कंपाइलर तेवढ्यात भागवून घेत नाही.